नोंदवहीत नाव कोणाचे?

1618 साली गोव्याच्या पोर्तुगीज नगरसभेने एक नियम केला. राज्याचा मुख्य वैद्य, म्हणजे 'फिजिको-मोर', याच्यापुढे परीक्षा दिल्याखेरीज शहरात कोणी वैद्यकी करायची नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याने मुख्य शल्यवैद्यापुढे परीक्षा द्यायची. हिंदू वैद्यांसाठी याखेरीज आणखी एक अट होती: त्यांची संख्या तिसापलीकडे जाता कामा नये.

तीस हा आकडा कुठल्या वैद्यकाच्या पोथीतला नव्हे. तो शहरातल्या एका पेचातून आला. चर्चला हे वैद्य नको होते आणि रोग्यांना ते हवे होते. 1567 च्या धर्मसभेने ख्रिस्ती माणसाने परधर्मी वैद्याकडून उपचार घेऊ नयेत असे फर्मावले होते. त्यानंतर काही वर्षांनी गोव्यात राहून गेलेला डच प्रवासी लिन्स्होटेन मात्र वेगळेच सांगतो. व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठातले पाद्रीसुद्धा आपल्या देशबांधव डॉक्टरांपेक्षा या हिंदू वैद्यांवर अधिक भरवसा ठेवीत, आणि हे वैद्य रस्त्याने छत्री धरून ऐटीत जात. तो मान शहरात मोजक्यांनाच होता. वैद्यांना हाकलावे तर व्हाइसरॉयची नाडी कोण बघणार? मोकळे सोडावे तर पाद्री रागावणार. मग परीक्षा घ्या आणि डोकी मोजा, अशी तोड निघाली. परीक्षा घेणारा ग्रीक वैद्य गेलनच्या परंपरेतला, देणारा आयुर्वेदाच्या वाग्भटाच्या. या परीक्षेतून वैद्याचे ज्ञान किती कळत असेल ते सोडून देऊ. कोणाला परवानगी आहे एवढे मात्र सरकारला नक्की कळत होते.

कायद्याने वैद्य कोण, या प्रश्नाचा आपल्या मुलखातला लेखी इतिहास इथून धरायला हरकत नाही. कल्पना अर्थात फार जुनी आहे. शास्त्र शिकून, कर्म पाहून, राजाची अनुज्ञा घेऊन मगच वैद्याने धंद्यात पाऊल टाकावे, असे सुश्रुताने सांगून ठेवले आहे. कुवैद्य लोभापायी माणसे मारतो तो राजाच्या दोषामुळे, असेही त्याचे म्हणणे. चरकाने भोंदू वैद्यांच्या जाती पाडल्या आहेत: पेटी, पोथी, औषधांची भांडी मांडून वैद्याचे सोंग आणणारे एक, आणि नामवंतांची ओळख सांगून स्वतः मोठे होणारे दुसरे. दोघांचे वंशज आजही सुखरूप आहेत. पण राजाची अनुज्ञा म्हणजे नेमके काय, तिची नोंद कुठे ठेवायची, ती काढून कोणी घ्यायची, याची यंत्रणा पेशवाई संपेपर्यंत आपल्याकडे उभी राहिली नाही. वैद्याला इनाम मिळे, वर्षासन मिळे, घराण्याचे नाव चाले. गावाला ते पुरत असे.

यंत्रणा आली ती इंग्रजांबरोबर, आणि तीसुद्धा बऱ्याच उशिरा.

मुंबईत 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शेजारी सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले. 1851 मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यातल्या मंडळींना नावापुढे जी.जी.एम.सी. लावण्याचा मान मिळाला. डॉ. भाऊ दाजी लाड आणि प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्या तुकडीतले. भाऊ दाजींची गोष्ट या विषयात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पाश्चात्य वैद्यक शिकलेला हा माणूस पुढे कुष्ठरोगावर एका देशी वनस्पतीच्या तेलाने उपचार करू लागला. गुण येतो अशी ख्याती झाली, दुरून रोगी येऊ लागले. औषध कोणते ते मात्र पूर्ण खात्री पटेपर्यंत सांगणार नाही, असा त्यांचा बाणा होता, आणि त्यावरून टीकाही झाली. 1874 मध्ये ते गेले. आणखी चाळीस वर्षे उशिरा जन्मले असते, तर देशी वनस्पती आणि गुप्त औषध या दोन्ही गोष्टींवरून त्यांना एखाद्या कौन्सिलपुढे उभे राहावे लागण्याचा संभव होता. त्यांच्या काळात मुंबईत तसे कौन्सिलच नव्हते.

ते होते लंडनमध्ये. 1858 च्या ब्रिटिश मेडिकल ॲक्टने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन केले आणि डॉक्टरांची नोंदवही सुरू केली. या कायद्याबद्दल एक गैरसमज अजून आहे. नोंदणी नसलेल्याने उपचार करू नयेत, असे हा कायदा कुठेच म्हणत नाही. इंग्लंडमधला हाडवैद्य, काढे विकणारा, होमिओपाथ, सगळे आपापले धंदे करायला मोकळे होते. नोंदणी नसताना नोंदणीकृत असल्याची बतावणी केली तर वीस पौंडांपर्यंत दंड होई. फी बुडवणाऱ्यावर कोर्टात दावा लावता येत नसे. सरकारी नेमणूक मिळत नसे आणि कायद्याला चालेल असा दाखला देता येत नसे. वैद्यकी सर्वांना खुली. तिची प्रतिष्ठा, फी आणि शिक्का मात्र वहीत नाव असलेल्यांचा. वहीतून नाव काढायचे कारण म्हणजे 'व्यवसायातले निंद्य वर्तन'. निंद्य काय ते कौन्सिलने ठरवायचे.

हाच आराखडा 1912 साली मुंबई इलाख्यात आला. बॉम्बे मेडिकल ॲक्ट हा हिंदुस्थानातला या प्रकारचा पहिला कायदा. बंगाल आणि मद्रास यांनी दोन वर्षांनी त्याचा कित्ता गिरवला. मुंबईत कौन्सिल बसले, रजिस्ट्रार आला, वही उघडली. वैद्य-हकिमांना उपचाराची बंदी नव्हतीच. पण कायद्याने लागणारा दाखला वहीत नाव असलेल्या डॉक्टरचाच हवा, आणि सरकारी रुग्णालयातली जागाही त्यालाच. वैद्याने रोगी बरा करावा, पण तो आजारी होता हे कागदावर लिहून द्यावे डॉक्टरने, अशी वाटणी झाली. गिरणीतला कामगार असो की कचेरीतला कारकून, रजेसाठी त्याला दाखला लागे, आणि दाखल्याच्या पायी वैद्याचा रोगी हळूहळू डॉक्टरकडे वळू लागे. नोंदणीच्या कायद्यांनी देशी वैद्यकाचे नुकसान कसे केले यावर पुष्कळ तात्त्विक लिहिले गेले आहे. माझ्या मते त्यातले निम्मे नुकसान या दाखल्याने केले.

वैद्य मंडळी गाफील नव्हती. 'आर्यभिषक्'कार शंकर दाजी शास्त्री पदे यांनी 1907 मध्येच नाशकात आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला होता. 1909 मध्ये शास्त्रीबुवा वारले, पण संघटना टिकली. तिला पहिला मोठा मुद्दा मिळाला तो मुंबईच्या कौन्सिलने स्वतःहून पुरवला म्हणून.

डॉ. पोपट प्रभुराम हे मुंबईतल्या नामांकित वैद्य घराण्यातले. वडील वैद्य प्रभुराम जीवनराम यांचे शहरात मोठे नाव, आणि त्या घराण्याने चालवलेले आयुर्वेद विद्यालयही होते. मुलगा मुंबई विद्यापीठाचा एल.एम.अँड एस., म्हणजे पक्का पदवीधर डॉक्टर. नव्या वहीत त्यांचे नाव रीतसर लागले होते. 1915-16 च्या सुमारास कौन्सिलने ते काढून टाकले. चुकीचे औषध दिले, रोगी दगावला, पैसे लुबाडले, यांतले काहीही त्यांच्यावर नव्हते. आयुर्वेद शिकवणाऱ्या विद्यालयाशी त्यांचा संबंध आहे, हेच निंद्य वर्तन ठरले. मद्रासेतही त्याच काळात डॉ. कृष्णस्वामी अय्यर यांना आयुर्वेदिक दवाखान्याशी नाते तोडण्याची समज तिथल्या कौन्सिलने दिली.

आज हे वाचून संताप येतो. पण कौन्सिलच्या सभासदांची मनोभूमिका समजून घेतली तर त्यांच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते. ते लंडनचे नियम पाळत होते. तिथे 'पांघरूण घालणे' हा जुना गुन्हा मानला जाई. नोंदणी नसलेला माणूस धंदा करतो, एखादा नोंदणीकृत डॉक्टर त्याला आपल्या नावाचा आडोसा देतो, आणि भोळ्या रोग्याला वाटते की आपण डॉक्टरच्याच हाताखाली आहोत. ही फसवणूक खरी होती आणि तिचा बंदोबस्त व्हायलाच हवा होता. फक्त लंडनमध्येही हा नियम कुठवर ताणला गेला ते पाहावे. हर्बर्ट बार्कर नावाचा एक हाडवैद्य निखळलेले सांधे बसवण्यात वाकबगार होता. त्याच्याकडे पदवी नव्हती. डॉ. ॲक्सहॅम नावाचे एक वयस्क डॉक्टर बार्करच्या रोग्यांना भूल देत, म्हणजे त्या बिचाऱ्यांना वेदना कमी व्हाव्यात एवढीच त्यांची कामगिरी. 1911 मध्ये कौन्सिलने त्यांचे नाव वहीतून खोडले. अकरा वर्षांनी, 1922 मध्ये, राजाने बार्करला 'सर' केले. डॉ. ॲक्सहॅम 1926 मध्ये वारले ते वहीबाहेरच. नोंदणी नसलेल्याला सरदारकी आणि त्याच्या रोग्यांना भूल देणाऱ्याला वनवास, हा न्याय लंडनच्या वर्तमानपत्रांनाही पचला नाही.

मुंबई आणि लंडन यांत तरी एक फरक होता. बार्कर एकटा होता. पोपट प्रभुराम ज्या विद्येशी नाते ठेवत होते ती कोट्यवधी लोकांची रोजची विद्या होती. तिच्याशी संबंध ठेवणे हे निंद्य ठरवले की देशातल्या बहुतेक घरांतल्या चुलीवरचा काढाही संशयित ठरतो. देशभर ओरड झाली ती या कारणाने. वैद्यांच्या परिषदांना सुशिक्षित हिंदी पुढाऱ्यांची साथ मिळू लागली, तीही याच सुमारास.

सरकार मात्र आपल्या वाटेने चालत राहिले. 1916 मध्ये मेडिकल डिग्रीज ॲक्ट आला. रोख होता मुख्यतः कलकत्त्याच्या खासगी संस्थांवर. तिथे एम.डी.सारख्या भारदस्त अक्षरांची खिरापत वाटली जात होती. या कायद्याने पाश्चात्य वैद्यकाच्या पदव्या देण्याचा हक्क ठरावीक संस्थांपुरता राखला. तो राखायचा तर पाश्चात्य वैद्यक म्हणजे काय, हे सांगणे आले. कायद्याने सांगितले ते असे: ॲलोपॅथीचे औषधोपचार, प्रसूतिशास्त्र आणि शस्त्रक्रिया, यात होमिओपॅथी, आयुर्वेद आणि युनानी येत नाहीत. व्याख्येचा अर्धा भाग काय नाही हे सांगण्यात गेला. शिवाय 'ॲलोपॅथी' हे नाव होमिओपॅथीच्या जनकाने, हानेमानने, विरोधकांना चिडवण्यासाठी ठेवलेले. तेच सरकारने कायद्यात पक्के केले.

पुढच्या वर्षांत डॉक्टरांनाही आपल्याच औषधाची चव मिळाली. मुंबईच्या वहीत दोन प्रकारचे लोक होते. एक विद्यापीठाचे पदवीधर, दुसरे एल.सी.पी.एस., म्हणजे पदवीऐवजी लायसेन्स मिळवलेले लायसेन्शिएट. तालुक्याच्या गावी पाटी लावून बसणारे, घोड्यावर किंवा सायकलवर खेड्यांत जाणारे डॉक्टर बहुधा दुसऱ्या प्रकारचे. 1930 मध्ये लंडनच्या कौन्सिलने हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. कारण दिले प्रसूतिशास्त्राच्या अपुऱ्या शिक्षणाचे. मुंबईतले मोठमोठे डॉक्टर एका रात्रीत लंडनच्या लेखी अपात्र झाले. त्या अपमानातून 1933 चा इंडियन मेडिकल कौन्सिल ॲक्ट निघाला. आपले कौन्सिल आपण काढले, हे उत्तमच झाले. पण त्या कायद्याने अखिल भारतीय पातळीवर मान दिला तो पदवीधरांना. लायसेन्शिएटांना दाराबाहेर ठेवले. लंडनने जे पदवीधरांशी केले, तेच पदवीधरांनी लायसेन्शिएटांशी केले, आणि तेही तीनच वर्षांत.

1937 च्या निवडणुकीनंतर मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. आरोग्यखाते डॉ. मंचेरशा धनजीभाई गिल्डर यांच्याकडे होते. गिल्डर हृदयरोगाचे तज्ज्ञ, पाश्चात्य वैद्यकात मुरलेले पारशी गृहस्थ. त्यांच्या कारकिर्दीत 1938 चा बॉम्बे मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट झाला, वैद्य-हकिमांची सरकारी नोंदणी करणारा हिंदुस्थानातला पहिला कायदा. या कायद्याने दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही मोठ्या होत्या. वैद्य-हकिमांना स्वतःची वही, स्वतःचे मंडळ आणि परीक्षा घेणारी फॅकल्टी मिळाली. जी.एफ.ए.एम., डी.ए.एस.एफ. ही पाटीवरची अक्षरे त्यातूनच आली. पुण्यात वैद्य पुरुषोत्तमशास्त्री नानल यांच्या प्रयत्नांतून 1933 मध्ये उभ्या राहिलेल्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांना आता आपल्या विद्यार्थ्यांच्या भवितव्याची काळजी थोडी कमी झाली. ज्यांच्यापाशी परीक्षा नव्हती पण बरीच वर्षे धंदा होता, त्यांची वेगळी यादी केली. म्हातारे वैद्य रस्त्यावर आले नाहीत.

दुसरी गोष्ट कडक होती. 1912 च्या कायद्याने जे केले नव्हते ते या कायद्याने केले. कुठल्याही वहीत वा यादीत नाव नसताना पैशासाठी वैद्यकी करणे हाच गुन्हा ठरला. इंग्रज सरकारला असे कलम घालण्याचे धैर्य झाले नव्हते. ते आपल्या लोकांच्या सरकारने घातले, आणि वैद्यांना प्रतिष्ठा देणाऱ्याच कायद्यात घातले. मला यात विसंगती दिसत नाही. दार उघडले की उंबरठाही बांधावा लागतो. पण गावची सुईण, हाड बसवणारा पैलवान, विंचू उतरवणारा, कावीळ काढणारी म्हातारी, यांचे काय? कागदोपत्री ते उंबरठ्याबाहेर गेले. प्रत्यक्षात पोलीस त्यांच्या वाटेला गेले नाहीत, कारण पोलिसाच्या घरचीही कावीळ तीच म्हातारी काढत होती.

हे सारे शास्त्रार्थ चालू असताना एक प्रसंग असा घडला की त्यात या इतिहासातले बहुतेक धागे एका छपराखाली आले. पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये 1942 पासून महात्मा गांधी आणि कस्तुरबा स्थानबद्ध होते. 1943 च्या उपोषणाच्या वेळी डॉ. गिल्डर यांनाही तिथे आणले गेले. तेही कैदीच. डॉ. सुशीला नय्यर आधीपासून होत्या. कस्तुरबांचे हृदय दिवसेंदिवस खचत चालले होते आणि उपचार हे दोघे करत होते. कस्तुरबांना वैद्य हवा होता. 1944 च्या जानेवारीपासून गांधीजींनी सरकारकडे तशी मागणी लावून धरली. लाहोरचे वैद्यराज पंडित शिव शर्मा यांना येऊ द्यावे म्हणून पत्रांवर पत्रे गेली. उपचार बदलल्यामुळे काही बरेवाईट झाले तर सरकार जबाबदार नाही, असे गांधीजींनी लिहून दिले. अखेर फेब्रुवारीत परवानगी मिळाली ती दिवसाची. रात्री वैद्याने तुरुंगात राहायचे नाही. रोग्याला तर रात्रीच जास्त त्रास होई. मग पंडित शिव शर्मा फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपत. रात्री गरज लागली की झोपलेल्या पहारेकऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना उठवायचे, कुलपे काढायची, तेव्हा वैद्य आत येणार. गांधीजींनी या प्रकाराबद्दल सरकारला कडक शब्दांत लिहिल्यावर मुक्कामाची परवानगी आली.

या गोष्टीत मला सर्वांत लक्षणीय वाटते ते डॉ. गिल्डर यांचे वागणे. वैद्यराजांचे उपचार सुरू होताच गिल्डर आणि सुशीलाबेन यांनी आपले औषध थांबवले आणि बाजूला राहून मदत केली. काही दिवसांनी वैद्यराजांनी आपला उपाय संपल्याचे मोकळेपणाने सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा सूत्रे हाती घेतली. 22 फेब्रुवारी 1944 च्या संध्याकाळी कस्तुरबा गेल्या. पोपट प्रभुरामांना ज्या प्रकारच्या संबंधासाठी वहीतून काढले होते, तसाच संबंध तीस वर्षांच्या आत इलाख्याच्या माजी आरोग्यमंत्र्याने कैदेत असताना सहज ठेवला. तिथे कोण कुठल्या विद्येचा याबद्दल संभ्रम नव्हता. कोणी कोणाचे औषध उसने घेतले नाही. रोग्याला आणि घरच्यांना आज कोणाचा उपचार चालू आहे हे माहीत होते. दोन वैद्यकांचा एकमेकांशी संबंध कसा असावा याचा याहून चांगला नमुना मला कुठल्या कायद्यात सापडलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर कायद्यांची संख्या वाढली, विचार फारसा वाढला नाही. 1951 मध्ये होमिओपॅथीची वेगळी वही निघाली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1961 मध्ये वैद्य-हकिमांचा आणि 1965 मध्ये ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचा कायदा नव्याने आला. 1961 च्या कायद्याचे तेहतिसावे कलम आजही 'बोगस डॉक्टर' पकडताना लावतात. त्याच कलमात सरकारला अमुक वर्गाला किंवा अमुक भागाला सूट देण्याचाही अधिकार ठेवला आहे. खेड्यात डॉक्टर जायला तयार नसतो, तेव्हा असे अधिकार उपयोगी पडतात.

खरी गाठ बसली ती एका आडबाजूच्या नियमात. केमिस्टने बरीचशी औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. हा व्यावसायिक कोण, याची व्याख्या 1945 च्या औषध नियमांत 1960 साली घातली गेली. तिच्यात एक पोटकलम आहे: होमिओपॅथीची वही सोडून राज्याच्या दुसऱ्या कुठल्याही वैद्यकीय वहीत नाव असलेल्या माणसालाही राज्य सरकार आदेश काढून आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय करणारा म्हणून या कामापुरते मान्य करू शकते. पंजाबने 1967 मध्ये, महाराष्ट्राने 1992 आणि 1999 मध्ये या वाटेने वैद्यांना ॲलोपॅथीची औषधे लिहिण्याची मुभा दिली. विधिमंडळात पॅथींवर चर्चा झडण्याऐवजी केमिस्टच्या काउंटरवर निकाल लागला. आपल्याकडे मोठे निर्णय असेच होतात, परिपत्रकाने.

याच 1992 सालच्या जुलैत मुंबईत एका तरुण गृहस्थाला ताप आला. उपचार करणारे डॉक्टर होमिओपॅथीचे, त्या वहीत नाव असलेले. त्यांनी आधी व्हायरल ताप म्हणून, मग टायफॉइड म्हणून ॲलोपॅथीची औषधे, प्रतिजैविकेसुद्धा दिली. प्रकृती ढासळत गेली, शेवटी मोठ्या रुग्णालयात नेले, तिथे मृत्यू झाला. पत्नीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. 1996 मध्ये निकाल लागला. ज्या पद्धतीचे ज्ञान नाही तिची वैद्यकी करणारा माणूस भोंदूच, मग दुसऱ्या कुठल्या वहीत त्याचे नाव का असेना, असा त्याचा आशय. तीन लाखांची भरपाई देण्याचा आदेश झाला.

दोन वर्षांनी, 8 ऑक्टोबर 1998 रोजी, डॉ. मुख्तियार चंद विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात औषध नियमांतले ते पोटकलमच न्यायालयापुढे होते. न्यायालयाने ते रद्द केले नाही. पण त्याची वेस आखून दिली. औषध लिहून देण्याचा हक्क हा त्या शास्त्राची वैद्यकी करण्याच्या हक्काला जोडून येतो. राज्याच्या कायद्याने ती वैद्यकी करण्याची मुभा दिली असेल तर औषध लिहिता येईल. नुसत्या सरकारी आदेशाने वैद्यकीचा हक्क जन्माला येत नाही. निकाल स्पष्ट होता. त्यातून निघालेली वाटही तितकीच स्पष्ट होती: आदेश पुरत नसेल तर कायदाच बदला.

महाराष्ट्राने 2014 मध्ये तेच केले. होमिओपॅथीचा आणि मेडिकल कौन्सिलचा असे दोन्ही कायदे दुरुस्त केले. आधुनिक औषधशास्त्राचा वर्षभराचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपाथांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट मोकळी केली. नाशकाच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अभ्यासक्रम चालवला. इंडियन मेडिकल असोसिएशनने उच्च न्यायालयात आव्हान दिले. 2025 मध्ये या मंडळींची नावे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वहीत वेगळ्या नोंदीने घेण्याचे ठरले, थांबले, पुन्हा ठरले, आणि 18 सप्टेंबरला राज्यातल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी एक दिवस संप केला.

दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले की 1915 आठवते. डॉक्टर म्हणतात, रोग्याच्या जिवाशी खेळ होईल. होमिओपाथ म्हणतात, खेड्यात तुम्ही जाणार नाही, आम्ही आहोत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण माझा कौल विचाराल तर तो या तोडीच्या विरुद्ध आहे. खेड्यात डॉक्टर नाही हा पगाराचा, रस्त्यांचा आणि सरकारी दवाखान्यांच्या अवस्थेचा प्रश्न आहे. तो वहीतली नावे वाढवून सुटत असता तर 1938 नंतरच सुटला असता. आणि एका वर्षात प्रतिजैविकांचे शहाणपण येत असेल, तर एम.बी.बी.एस.ला साडेचार वर्षे आणि वर इंटर्नशिप लावतो ती कशासाठी, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे.

तोवर वाचकाने एवढे करावे. 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे ॲलोपॅथीच्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर, पावतीवर छापायचा असतो. पुढच्या खेपेला दवाखान्यात गेलात की तो क्रमांक बघा, आणि तो कुठल्या कौन्सिलचा आहे तेही वाचा. छापलेला नसेल तर विचारा. विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.